चौथीचा धडा कुठल्या वाहिनीवर, आणि कितीला? टीव्हीचा दिवस आखला जातो तो असा

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत पाऊस असा लागला होता की पागोळ्यांच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. शेजारच्या काकींनी पडवीतून हाक मारली. नात चौथीत, मुलगा-सून मुंबईला, घरात टीव्ही आणि छपरावर डिशची छत्री. काकी म्हणाल्या, "झिला, शंभर चॅनल दिसतत, पण ह्या चेडवाचो धडो खंय आसा ता सांग माका."

मी रिमोट घेऊन अर्धा तास बसलो. भजन लागलं, जुना सिनेमा लागला, हिंदीतलं रसायनशास्त्र लागलं, कपड्यांच्या साबणाची जाहिरात तर तीन वेळा लागली. चौथीचा धडा मिळाला तेव्हा तो संपत आला होता. मग चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि पडदा काळा पडला.

काकींच्या त्या एका वाक्यात खरं तर तीन प्रश्न आहेत. टीव्हीवर कधी काय लागणार हे कोण ठरवतं? शिकवण्याचे कार्यक्रम नेमके आपण घरी नसताना का असतात? आणि पाऊस आला की सगळंच का जातं? तिन्हींची उत्तरं समजण्यासारखी आहेत आणि ती समजली की रिमोट बराच आपल्या ताब्यात येतो.

वेळापत्रक म्हणजे एकच रस्ता

एक वाहिनी म्हणजे एकेरी रस्ता. एका वेळी त्यावरून एकच गाडी जाते. दिवसाचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाने कापले की अठ्ठेचाळीस खण होतात. कुठल्या खणात काय घालायचं याचा वाहिनीच्या कचेरीत तक्ता असतो. एसटी स्टँडवरच्या फलकासारखाच तो बनतो: सकाळची गाडी शाळा-कॉलेजच्या पोरांची, दुपारची बाजारकरणींची, रात्रीची मुंबईची. गाडी कोण चढणार हे पाहून सुटते. टीव्हीच्या तक्त्यातही आधी विचार होतो तो या वेळेला घरात कोण आहे, याचा.

पहाटे आणि सकाळी भक्तिगीतं, योग, राशिभविष्य, कारण तेव्हा जागी असतात ती वडीलधारी माणसं. दुपारी काल रात्रीच्या मालिकांचे पुनःप्रक्षेपण, कारण स्वयंपाक उरकून जरा टेकलेली बाई काल काय चुकलं ते बघते. संध्याकाळी दिवेलागणीनंतर घर भरतं. साधारण आठ ते अकरा या वेळेला या धंद्यात 'प्राइम टाइम' म्हणतात, म्हणजे सगळ्यात जास्त डोळे पडद्यावर असतात ती वेळ. 

टीव्ही आपल्याकडे शिकवायलाच आला होता

हे आज विसरायला झालंय, म्हणून जरा थांबून सांगतो. भारतात टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत, आठवड्यातून दोनदा, तासाभरासाठी. युनेस्कोच्या मदतीने संच घेतले आणि माणसांनी गटाने बसून बघावं अशी मांडणी केली. १९६१ मध्ये दिल्लीच्या शाळांसाठी धडे सुरू झाले. २६ जानेवारी १९६७ ला शेतकऱ्यांसाठी 'कृषी दर्शन' आलं. रोजच्या मालिकांचं युग त्याच्या कितीतरी नंतरचं. 'हम लोग' १९८४ चं.

सगळ्यात धाडसी प्रयोग झाला १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मागून घेतला आणि सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम उतरवले. त्याचं नाव 'साइट'. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण त्याचं वेळापत्रक मला फार शहाणं वाटतं. सकाळी दीड तास मुलांचा: हिंदी, कन्नड, उडिया, तेलुगू या चार भाषांना प्रत्येकी साडेबावीस मिनिटं. संध्याकाळी अडीच तास मोठ्यांचे: शेती, आरोग्य, करमणूक, बातम्या. मूल सकाळी शाळेत असतं तर टीव्हीही शाळेतच ठेवला. आईबाप संध्याकाळी मोकळे होतात तर त्यांचं शिक्षण संध्याकाळी. शिकवण्याला उरलेला वेळ दिला नव्हता, शिकणाऱ्याचा वेळ दिला होता.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथूनही 'आमची माती आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम आणि आकाशानंदांचा 'ज्ञानदीप' हे संध्याकाळी घराघरांत बघितले जायचे. 'ज्ञानदीप'चे प्रेक्षक तर एवढे गुंतले की ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळं निघाली, माणसं एकत्र बसून बघायची आणि मग बोलायची. आपल्या दक्षिण कोकणात मात्र हे सगळं उशिरा पोचलं. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, पृथ्वीची गोलाई आणि डोंगर त्यांना अडवतात. पुढे उपग्रहावरून कार्यक्रम घेऊन तो आसपास फेकणारी छोटी प्रक्षेपण केंद्रं आली, तेव्हा आमच्याकडे चित्र दिसायला लागलं. तेही माडाच्या उंचीचा बांबू, वर अँटेना, बूस्टर, आणि एकाने छपरावरून ओरडायचं "आला काय?" आणि घरातल्याने "मुंगये इले!" असं उत्तर द्यायचं.

शिकवणाऱ्या वाहिन्यांचा रहाट

आता आजचं. शिकवण्यासाठी वेगळ्या वाहिन्या आहेत आणि त्या थोड्याथोडक्या नाहीत. २०१७ पासून केंद्राच्या 'स्वयंप्रभा' या वाहिन्या चालू आहेत, मुख्यतः कॉलेज आणि स्पर्धा परीक्षांसाठी. २०२० मध्ये कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा केंद्राच्या 'पीएम ई-विद्या' योजनेखाली पहिली ते बारावी प्रत्येक इयत्तेला एक वाहिनी देण्याचं ठरलं. २०२२ च्या अर्थसंकल्पात या बारा वाहिन्या वाढवून दोनशे करायचं जाहीर झालं, म्हणजे राज्यांना आपापल्या भाषेत शिकवता यावं.

या वाहिन्यांचा तक्ता करमणुकीच्या वाहिनीसारखा नसतो. तो विहिरीवरच्या रहाटासारखा असतो. 'स्वयंप्रभा'ची मूळ आखणी अशी: रोज चार तासांचा नवा मजकूर आणि तोच दिवसात आणखी पाच वेळा. चार साहे चोवीस. रहाटाचं पोहरं पाणी ओतून खाली जातं आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येतं, तसा एक धडा दर चार तासांनी वर येतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सकाळी सहाला लागलेला धडा पुन्हा दहाला, दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला दिसतो. दहाची आणि दोनची फेरी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या कामाची नाही, पण संध्याकाळी सहाची आहे. "टीव्हीवर तेच तेच दाखवतात" ही तक्रार मी खूप ऐकतो. इथे 'तेच तेच' मुद्दाम आहे. मासेमारीवरून पहाटे परतलेला माणूस, दुपारी मोकळी होणारी बाई आणि संध्याकाळी घरी येणारं पोर या तिघांना एकच धडा मिळावा म्हणून तो फिरवला जातो. सगळ्याच शैक्षणिक वाहिन्यांची फेरी चार तासांची नसते, पण पुनःप्रक्षेपण बहुतेकांत असतं. एकदा फेरी किती तासांची ते शोधलं की काम झालं.

काकींच्या घरी मला एक दुसरीच अडचण दिसली, आणि माझ्या मते ती जास्त मोठी आहे. केंद्राच्या इयत्तावार वाहिन्यांवर बरेच धडे हिंदी-इंग्रजीत आणि एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, पुस्तकावरचे असतात. काकींची नात राज्याच्या बालभारतीच्या पुस्तकातून शिकते. विषय एकच, पण धड्यांचा क्रम, शब्द, उदाहरणं सगळं वेगळं. मूल गोंधळतं आणि मोठ्यांना वाटतं की त्याचं लक्ष नाही. म्हणून आधी भाषा बघा, मग इयत्ता. मराठी वाहिनी सापडत नसेल तर विज्ञान आणि गणितातलं चित्र-प्रयोगाचं तेवढं हिंदीतून बघावं, भाषा आणि परिसर अभ्यास मात्र पुस्तकातूनच करावा.

मग संध्याकाळी मोठ्या वाहिन्यांवर शिक्षण का नाही?

कारण संध्याकाळ, म्हणजे तो आठ ते अकराचा प्राइम टाइम, महाग आहे. हापूसची पहिली पेटी वाशीला पोचते तेव्हा तिचा भाव आणि मे अखेरच्या पेटीचा भाव यात जेवढं अंतर, तसंच संध्याकाळच्या दहा सेकंदांच्या आणि पहाटेच्या दहा सेकंदांच्या जाहिरातीत. आंबा तोच, वेळ वेगळी. खासगी वाहिनीचं घर मुख्यतः जाहिरातीवर चालतं. नियमाप्रमाणे तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटं जाहिराती दाखवता येतात: दहा मिनिटं बाहेरच्या, दोन मिनिटं स्वतःच्या कार्यक्रमांच्या. तास ताणता येत नाही, म्हणून उत्पन्न वाढवायचा मार्ग एकच, त्या मिनिटांचा भाव वाढवणं. भाव ठरतो किती माणसं बघतात यावर.

आणि किती माणसं बघतात हे मोजतं कोण? बार्क नावाची संस्था. देशभरातल्या पन्नास हजारांहून अधिक घरांत टीव्हीला एक यंत्र जोडलेलं असतं, घरातला प्रत्येक जण बघायला बसताना आपलं बटण दाबतो. त्या घरांवरून सगळ्या देशाचा अंदाज काढतात, शितावरून भाताची परीक्षा. यालाच बोलीत टीआरपी म्हणतात. दर आठवड्याला आकडे येतात आणि त्यावर पुढच्या मालिकांचं नशीब ठरतं.

इथे हमखास येणारा आक्षेप असा: "लोकांनाच मालिका हव्यात, वाहिन्या काय करणार?" यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळी गोष्ट बघावी यात गैर काहीच नाही. माझी आई तशीच बघायची, आणि गोष्टीतूनही माणूस शिकतो. पण मोजणीला एक मर्यादा आहे. समोर ठेवलेल्यातलं काय खाल्लं ते ती सांगते, न ठेवलेलं काय आवडलं असतं ते सांगू शकत नाही. आठ वाजता सगळीकडे मालिकाच असतील तर बटण मालिकेचंच दाबलं जाणार. आणि त्या मोजणीत चौथीतल्या पोरीच्या अर्ध्या तासाची किंमत तिला साबण विकण्याइतकीच धरली जाते. मला हे चुकीचं वाटतं, आणि म्हणूनच हा हिशेब निव्वळ बाजारावर सोडू नये असं माझं ठाम मत आहे.

सरकारनेही तो पूर्ण सोडलेला नाही. नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे वाहिन्यांनी रोज अर्धा तास सार्वजनिक हिताचा मजकूर दाखवायचा आहे. शिक्षण आणि साक्षरता, शेती आणि ग्रामविकास, आरोग्य, विज्ञान, महिला कल्याण, दुर्बल घटक, पर्यावरण आणि वारसा, राष्ट्रीय एकात्मता असे आठ विषय दिलेत. तो अर्धा तास तुकड्या-तुकड्यांतही दाखवता येतो, मात्र मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळातला धरला जात नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती नसती तर तो अर्धा तास कुठे गेला असता ते सांगायला नको. आता संध्याकाळच्या एखाद्या भागाचीही अट यायला हवी.

पाऊस आला की टीव्ही का जातो?

आमच्याकडे हा प्रश्न करमणुकीचा नाही. शाळा सुरू होते तीच पावसात.

डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची फुकटातली छत्री-सेवा, तिचा उपग्रह जीसॅट-१५ विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या वर, जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्याच वेगाने फिरत असल्याने तो आपल्याला एकाच जागी स्थिर वाटतो. तिथून येणाऱ्या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर, सुपारीएवढी. एवढ्या आखूड लहरीला पावसाचा जाड थेंब म्हणजे अडथळा असतो. थेंब तिचा थोडा जोर शोषतो, थोडा इकडेतिकडे उडवतो. रिमझिमीत फरक पडत नाही, पण कोकणातली सर म्हणजे काही किलोमीटर जाडीची पाण्याची भिंत, तिच्यातून पार होईपर्यंत लहर दमते.

जुन्या अँटेनावर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण माणूस ओळखू यायचा. आता चित्र आकड्यांत बांधून येतं. आकडे पुरेसे पोचले तर चित्र स्वच्छ, थोडे कमी पडले तर चौकोन, आणखी कमी पडले तर काहीच नाही. जुनं चित्र उतारावरून हळूहळू खाली यायचं, आताचं कड्यावरून पडतं.

सरीवर इलाज नाही, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. पण सर ओसरल्यावरही चित्र येत नसेल तर दोष छपरावर आहे. काकींच्या छपरावर मी चढलो तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. छत्रीच्या पुढच्या दांड्यावर जे बोंडूक असतं, त्याला एलएनबी म्हणतात, तिथे जमलेल्या लहरी तो वायरीत सोडतो. त्याच्या जोडावर खाऱ्या वाऱ्याने हिरवट कळक चढली होती. वायर सरळ घरात शिरत होती, त्यामुळे पाणी वायरीवरून ओघळत आत चाललं होतं. भिंतीत शिरायच्या आधी वायरीला खाली झोळ दिला की पाणी त्या झोळातून टपकून जातं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे माड.

माडाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे सगळे फसतात. आपल्याकडून तो उपग्रह आग्नेयेला, जमिनीपासून साधारण साठ अंश वर आहे, म्हणजे बराच डोक्यावर. पण छत्रीची बनावट अशी असते की ती दिसते त्यापेक्षा जास्त वर बघते. माणूस तिच्या समोरची फांदी तोडतो आणि अडवणारी झावळी वरच राहते. हिशेब सोपा आहे: आग्नेयेला दहा फुटांवर असलेला माड छत्रीपेक्षा सतरा-अठरा फूट उंच झाला की आड येतो. गेल्या वर्षी नसलेली अडचण यंदा येते ती यामुळे, छत्री हलत नाही पण माड वाढतो. माड तोडू नका, छत्री चार हात सरकवा.

आणखी एक गंमत. मार्चच्या मध्याच्या आसपास आणि सप्टेंबर संपता संपता काही दिवस सकाळी अकराच्या सुमाराला, लख्ख ऊन असताना, काही मिनिटं चित्र जातं. तेव्हा सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज ऐकू येत नाही. कुणाला बोलवू नका, आपोआप येतं.

मोबाईल असताना टीव्हीचा एवढा आटापिटा कशाला?

हा प्रश्न मला तरुण मुलं विचारतात आणि तो रास्त आहे. मोबाईलवर धडा हवा तेव्हा लागतो, थांबवता येतो, मागे नेता येतो. टीव्हीत यातलं काही नाही.

पण घरात मोबाईल किती? बऱ्याच घरांत एकच चांगला फोन असतो आणि तो बापाबरोबर बोटीवर किंवा बागेत जातो. खाडीकाठच्या, डोंगराआडच्या वाड्यांत अजून रेंजसाठी घाटी चढावी लागते. फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत, डेटा लागत नाही, आणि एका पडद्यासमोर चार पोरं बसतात. देशात चार कोटींहून जास्त घरांत ती आहे असा अंदाज आहे. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झाली तेव्हा आमच्या वाडीतली पोरं ओट्यावर दाटीवाटीने बसायची, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच वर्षाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, आणि तिकडच्या रायगडात, मंडणगड-दापोलीत कितीतरी दिवस वीज नव्हती. वीज नाही तिथे टीव्हीही नाही, मोबाईलही नाही. तेव्हा टीव्ही म्हणजे सगळ्यावरचा तोडगा असं मी म्हणत नाही.

आणि टीव्हीची सगळ्यात मोठी उणीव तर वेगळीच आहे. तो एकतर्फी बोलतो. मुलाला कळलं की नाही हे त्याला दिसत नाही. जुन्या काळच्या आखणीत बघणं गटाने होतं, मागाहून बोलणं होतं, ते त्यासाठीच. मोठ्या माणसाला धडा कळायलाच हवा असं नाही. शेजारी बसून "काय सांगितलंन गो?" एवढं विचारलं तरी पोर पुन्हा सांगताना शिकतं.

काकींच्या घरचा तक्ता

शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो. आधी बॉक्समध्ये वाहिन्या पुन्हा शोधायला लावल्या. फ्री डिशवर खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने ठरतात, त्यामुळे वाहिन्या येतात-जातात आणि क्रमांक बदलतात. दोन-तीन महिन्यांनी एकदा हा शोध घ्यावाच. बॉक्स फार जुना असेल तर काही वाहिन्या तरीही दिसत नाहीत. चित्र घडी घालून पाठवण्याची नवी पद्धत आहे आणि जुन्या बॉक्सला ती घडी उलगडता येत नाही. मग रिमोटवरचं कार्यक्रम-यादीचं बटण दाबून पुढच्या काही तासांत काय आहे ते पाहिलं. हे बटण बहुतेक घरांत कुणी कधी दाबलेलंच नसतं.

तीन दिवस कोणता धडा कधी फिरून येतो ते नातीने वहीत लिहिलं. चौथ्या दिवशी फेरी कळली. संध्याकाळच्या सहाच्या सुमाराला तिचा धडा येतो, शुभंकरोतीच्या आधी संपतो आणि काकींची मालिका आठला. भांडण उरलंच नाही.

तो तक्ता आता रिमोटच्या खुंटीशेजारी भाताच्या शिताने चिकटवलेला आहे. कडेला बाण काढून तिने एक ओळ लिहिली आहे: "भरती रोज पन्नास मिनिटं उशिरा का येते?" टीव्हीने ते सांगितलं तेव्हाच नेमकी सर आली होती. सोमवारी बाईंना विचारणार आहे.